विमानाच्या इंजिनाची नाडी



आपल्या सुलतान बाजारापासून बेगमपेटचे जुने विमानतळ आठ-दहा किलोमीटरवर आहे. मार्च २००८ मध्ये शमशाबादचे नवे विमानतळ सुरू झाले आणि प्रवासी विमाने तिकडे गेली. तरी बेगमपेटला दर दोन वर्षांनी नागरी विमान वाहतुकीचे मोठे प्रदर्शन भरते, आणि ते पाहून आलेली मुले आम्हाला हमखास विचारतात, "पायलट व्हायचे असेल तर काय करावे लागते?" पालकांचा प्रश्न वेगळा असतो. ते विचारतात, "खर्च किती येतो?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. मात्र तिसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आमच्या मते तो आधी विचारायला हवा. ज्या छोट्या विमानात आपला मुलगा किंवा मुलगी उड्डाण शिकणार, त्या विमानाच्या इंजिनाची प्रकृती कोण पाहते आणि कशाने पाहते?

या अंकात आम्ही त्याच विषयाची ओळख करून देत आहोत. नववी-दहावीच्या विज्ञानापेक्षा जास्त काही यात लागणार नाही.

छोट्या विमानाचे इंजिन

आपण दिल्लीला किंवा मुंबईला ज्या मोठ्या विमानाने जातो त्याला जेट इंजिने असतात. उड्डाण शिकण्याचे विमान मात्र अगदी वेगळे. त्याला बहुधा एकच इंजिन असते आणि ते आपल्या मोटारीसारखे पिस्टनचे असते. सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोलजातीय इंधन यांचे मिश्रण जाते, ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन ढकलला जातो आणि पुढचा पंखा फिरतो.

सेस्ना १७२ हे जगभर शिकवण्यासाठी वापरले जाणारे विमान घेऊ. त्याच्या 'एस' प्रकाराला लायकमिंग कंपनीचे चार सिलिंडरचे, १८० अश्वशक्तीचे इंजिन असते. चारही सिलिंडर मिळून त्याचे घनफळ सुमारे ५.९ लिटर भरते, म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ दीड लिटरचा. आपल्या सर्वांच्या ओळखीच्या मारुती ८०० गाडीचे संपूर्ण इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे होते. त्या गाडीची जवळजवळ दोन इंजिने मावतील एवढा या विमानाचा एक सिलिंडर!

या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो. सिलिंडरवर पातळ पात्यांसारख्या कडा असतात आणि समोरून येणारी हवा त्यांना थंड ठेवते. विमान वेगात असले की हवा भरपूर मिळते. चढताना वेग कमी आणि जोर जास्त, त्यामुळे इंजिन तापते. शिवाय चारही सिलिंडरांना हवा सारखी मिळत नाही. कोणी पुढे बसलेला असतो, कोणी मागे. इंधनही प्रत्येकाला अगदी समान पोचत नाही. एकाच इंजिनातले चार सिलिंडर म्हणजे एकाच घरातली चार भावंडे. ताट एकच, पण प्रत्येकाची भूक वेगळी आणि प्रकृतीही वेगळी.

इंजिन बंद पडले तर विमान दगडासारखे खाली पडत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. सेस्ना १७२ हे वारा नसताना एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. पण उतरायला मोकळी जागा मिळेलच असे नाही. म्हणून इंजिन बंद पडण्याआधी ते काय सांगत होते, हे वेळेवर कळणे महत्त्वाचे.

पूर्वी वैमानिकाला काय दिसत असे?

जुन्या शिकाऊ विमानांत इंजिनासंबंधी काटे असलेली मोजकीच घड्याळे असत. पंखा मिनिटाला किती फेरे घेतो, तेलाचा दाब किती, तेलाचे तापमान किती, एवढे मुख्य. काही विमानांत सिलिंडरच्या डोक्याचे तापमान दाखवणारा एक काटा आणि बाहेर जाणाऱ्या धुराचे तापमान दाखवणारा एक काटा असे. बाकी सारे वैमानिकाच्या कानावर आणि बुडाखालच्या थरथरीवर अवलंबून.

यात अडचण कोठे होती ते नीट पाहा. फेऱ्यांचा काटा चारही सिलिंडरांचे मिळून झालेले काम दाखवतो. कोणी कमी केले, कोणी जास्त, हे त्याला ठाऊक नाही. तापमानाचा काटा बहुधा एकाच सिलिंडरला जोडलेला असे. सर्वांत जास्त तापणारा म्हणून जो ठरला असेल, त्याला. पण हवा, इंधन आणि झीज यांमुळे आज सर्वांत गरम कोण हे बदलत राहते. पहिल्या बाकावरच्या एका मुलाला थर्मामीटर लावायचा आणि साऱ्या वर्गाला ताप नाही म्हणून नोंदवायचे, असाच हा प्रकार.

आम्ही शिक्षक मंडळी हे फार लवकर ओळखतो. वर्गाची सरासरी ६२ टक्के आली म्हणून सभेत टाळ्या पडतात, आणि त्याच वर्गात १८ गुण मिळालेले एक मूल खाली मान घालून बसलेले असते. बेरजेत आणि सरासरीत दुबळा जीव लपतो. इंजिनाचेही तसेच आहे. चारपैकी एक सिलिंडर आजारी असला तरी इतर तीन ओढून नेतात आणि वैमानिकाला बराच वेळ काही जाणवत नाही. अंकात्मक इंजिन-निरीक्षण यंत्राने नेमकी हीच उणीव भरून काढली. प्रत्येक सिलिंडरची नाडी ते वेगळी पाहते.

नाडी पाहणारी तार

ही नाडी ज्या तारेने पाहतात तिचे तत्त्व २०० वर्षांहून जुने आहे. १८२१ मध्ये थॉमस योहान झेबेक या शास्त्रज्ञाला आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून त्यांचे एक टोक गरम व दुसरे थंड ठेवले तर विद्युत परिणाम दिसतो. या जोडीला मराठीत तपयुग्म म्हणतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेथे तापयुग्म हा शब्द होता. इंजिनाच्या कारखान्यात मात्र सगळे थर्मोकपल म्हणतात. शब्द कोणताही घ्या, वस्तू तीच.

तपयुग्माला बॅटरी लागत नाही. उष्णतेतील फरक हाच त्याचा वीजपुरवठा. निकेलच्या दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंपासून बनवलेले 'के' जातीचे तपयुग्म एका अंश सेल्सियसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट दाब देते. थंड टोक शून्य अंशावर आणि गरम टोक ८०० अंशांवर असेल तर मिळतात सुमारे ३३ मिलिव्होल्ट. आपल्या टॉर्चच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट असतो. त्यापुढे ३३ म्हणजे किती क्षीण आवाज! तो ऐकून, वाढवून, आकड्यात मांडण्याचे काम आतील संगणक करतो. म्हणूनच तारेचा एखादा सांधा गंजला किंवा सैल झाला तर आकडा चुकतो. त्याविषयी पुढे सांगू.

प्रत्येक सिलिंडरला अशी दोन तपयुग्मे बसवतात. एक सिलिंडरच्या डोक्याला, दुसरे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत. चार सिलिंडरांची झाली आठ. त्याखेरीज तेलाचा दाब व तापमान, इंधनाचा दाब, तासाला किती इंधन जाते, विजेचा दाब, बाहेरच्या हवेचे तापमान असे इतर संवेदकही त्याच पेटीला जोडता येतात.

प्रत्येक सिलिंडरचा स्तंभ शेजारीशेजारी दाखवणारी अशी यंत्रे १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बाजारात आली. पुढे त्यांत आकडे साठवण्याची सोय झाली. २००४ पासून गार्मिन कंपनीची 'जी १०००' ही पडद्यांची रचना छोट्या विमानांत कारखान्यातूनच बसवून येऊ लागली आणि काट्यांच्या घड्याळांची जागा दोन मोठ्या पडद्यांनी घेतली. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तेथील डायमंड कंपनीच्या विमानांत विद्यार्थी सुरुवातीपासून पडद्यावरच इंजिन वाचायला शिकतात.

पडदा कसा वाचायचा?

दोन तापमानांतला फरक आधी समजून घेऊ. धुराचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सियसच्या घरात असते आणि काही सेकंदांत वरखाली होते. सिलिंडरच्या आत आत्ता जळण कसे चालले आहे याची ती ताजी बातमी. सिलिंडरच्या डोक्याचे तापमान त्या मानाने कमी, १५० ते २०० अंशांच्या आसपास, आणि ते सावकाश बदलते, कारण तेवढा धातू तापायला वेळ लागतो. पण धातूला किती सोसावे लागत आहे ते हेच सांगते. लायकमिंगच्या अशा इंजिनांना कमाल मर्यादा २६० अंशांची असते. मर्यादेजवळ रोज जाणे मात्र बरे नव्हे, कारण डोके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि तापमान वाढले की त्याचे बळ घटते. अनुभवी मंडळी २०० अंशांच्या आत-बाहेर राहण्याची सवय लावून घेतात. पडद्यावर बहुधा फॅरनहाइटचे आकडे असतात. ४०० अंश फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सियस, हे आठवीच्या मुलांनी सोडवून पाहावे. उत्तर २०४ च्या जवळ यायला हवे.

आता चार उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण ठिणगीचे. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन असतात. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो, त्यामुळे बॅटरी गेली तरी इंजिन चालते. समजा तिसऱ्या सिलिंडरचा एक प्लग काजळला. ज्वाळा आता एकाच बाजूने पसरते, जळण पुरे व्हायला उशीर होतो आणि जळते वायू जास्त गरम असतानाच बाहेर पडतात. पडद्यावर फक्त तिसऱ्याच्या धुराचा स्तंभ २५ ते ५० अंशांनी उंच होतो. इंजिन मात्र चालूच असते. जुन्या काट्यांवर हे बहुधा दिसलेच नसते. येथे मेकॅनिकला आठ प्लग उघडत बसण्याचे कारण नाही. कोणत्या सिलिंडरकडे जायचे ते त्याला आधीच कळलेले असते.

दुसरे उदाहरण मिश्रणाचे. विमान वर जाते तशी हवा विरळ होते, म्हणून इंधनही कमी करावे लागते. त्यासाठी वैमानिकासमोर एक लाल मूठ असते. ती हळूहळू ओढली की धुराचे तापमान वाढत जाते, एका शिखराला पोचते आणि मग उतरू लागते. हे शिखर सापडले की मिश्रण कोठे ठेवायचे ते ठरवता येते. पण चार सिलिंडरांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत. तपयुग्म एकालाच असेल तर बाकी तिघे कोठे आहेत ते कळत नाही, आणि एखादा बिचारा नको तितका तापत राहतो. चारही स्तंभ समोर असले की कोणाचे शिखर आधी आले, कोणाचे नंतर, ते स्पष्ट दिसते.

तिसरे उदाहरण सर्वांत घातक. कधी कधी सिलिंडरमधील मिश्रण शिस्तीने न जळता एकदम भडकते. इंग्रजीतून आलेला डिटोनेशन हा शब्द यासाठी सर्रास वापरतात. अशा वेळी उष्णता धुरावाटे निघून जाण्याऐवजी सिलिंडरच्या डोक्यात आणि पिस्टनमध्ये शिरते. पडद्यावर खूण अशी दिसते की धुराचे तापमान उतरते आणि त्याच सिलिंडरच्या डोक्याचे मात्र भराभर चढते. नवशिक्याला वाटते, एक आकडा उतरला म्हणजे बरेच झाले. जाणत्याला या दोहोंची जोडी एकत्र पाहून धोका कळतो. तो लगेच इंजिनाचा जोर कमी करतो आणि मिश्रणात इंधन वाढवतो. थोडे दुर्लक्ष झाले तर पिस्टनला भोक पडू शकते.

चौथे उदाहरण हळूहळू वाढणाऱ्या दुखण्याचे. धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह एका कडेला जळू लागला की त्या सिलिंडरच्या धुराचे तापमान अगदी थोडे, संथ लयीत वरखाली होत राहते. उडताना डोळ्यांना हे कळणे कठीण. म्हणूनच यंत्रातील साठवणूक उपयोगी पडते. सेकंदाला एक नोंद धरली तर तासाला ३,६०० नोंदी होतात, आणि आठ तपयुग्मांचे मिळून २८,८०० आकडे. उड्डाणानंतर ते संगणकावर उतरवून आलेख काढला की ती संथ लय नजरेत भरते. मग बोअरस्कोप नावाचा बारीक कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घालून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष पाहतात. डॉक्टर दुर्बिणीने पोट तपासतात, तसेच हे.

दुंडिगलचा धडा

हा सारा विषय आपल्या शहरापासून दूरचा नाही. हवाई दलाची अकादमी आपल्या हैदराबादजवळ दुंडिगलला आहे. तेथे अनेक वर्षे नव्या वैमानिकांचे पहिले शिक्षण एचपीटी-३२ 'दीपक' या विमानावर होत असे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण जानेवारी १९७७ मध्ये झाले. त्याला लायकमिंगचेच, सहा सिलिंडरचे, २६० अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन होते. हजारो वैमानिक या विमानावर शिकून गेले. पण इंजिन हवेत बंद पडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा घडले. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. जुलै २००९ मध्ये मेदक जिल्ह्यात झालेल्या अपघातात दोन वैमानिक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर ही विमाने जमिनीवरच ठेवण्यात आली. २०१३ पासून दुंडिगलला पिलाटस पीसी-७ ही वेगळ्या जातीच्या इंजिनाची विमाने आली.

दीपकमध्ये असा पडदा असता तर हे जीव वाचले असते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. इंधन इंजिनापर्यंत पोचलेच नाही तर पडदा ते पोचवत नाही. तो फक्त इंधनाचा दाब घसरत असल्याचे सांगतो. नाडी पाहणे म्हणजे उपचार नव्हे. परंतु कोणत्याही यंत्रात एकच दोष पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर प्रत्येक उड्डाणाची आकड्यांतील नोंद हाताशी असणे आणि ती कोणीतरी मन लावून वाचणे याला पर्याय नाही. त्या १९ जणांची आठवण ठेवण्याचा आम्हाला तरी हा एक योग्य मार्ग वाटतो.

आपल्या देशात पुढचे पाऊलही पडले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने 'हंसा' हे दोन आसनी शिकाऊ विमान तयार केले. त्याची सुधारलेली आवृत्ती 'हंसा-एनजी' ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाली. तिला रोटॅक्स कंपनीचे असे इंजिन आहे की ज्यात इंधन किती द्यायचे ते संगणकच ठरवतो. म्हणजे लाल मुठीचे कामही संवेदकांच्या आकड्यांवरून आपोआप होते.

आकडा खोटाही असू शकतो

एवढे वाचून कोणाला वाटेल की पडदा लावला म्हणजे काळजी मिटली. तसे नाही. थर्मामीटर झटकायला विसरले तर निरोगी मुलालाही ताप दिसतो. तपयुग्माची तार तुटली किंवा सांधा सैल झाला की पडद्यावर भलताच आकडा येतो. चांगला वैमानिक अशा वेळी दोन गोष्टी पाहतो. पहिली, हा बदल निसर्गाला शक्य आहे का? सिलिंडरचे डोके एका सेकंदात १०० अंश तापू शकत नाही. आकड्याने तशी उडी मारली तर दोष बहुधा तारेत आहे. दुसरी, या आकड्याला दुसऱ्या कोणाची साक्ष आहे का? तेलाचा दाब उतरला आणि त्याच वेळी तेलाचे तापमान चढू लागले, तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. तेव्हा वाद न घालता जवळच्या धावपट्टीवर उतरावे. दाब एकटाच घसरला आणि बाकी सारे स्थिर राहिले तर संवेदकाचा दोष असू शकतो. तरीही उतरण्याची जागा नजरेसमोर ठेवूनच पुढचा विचार करावा.

उलट धोकाही आहे. रंगीत पडदा इतका आकर्षक असतो की नवशिका त्यातच डोके घालून बसतो आणि बाहेर पाहायला विसरतो. मोबाइल हाती आल्यापासून हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून यंत्रात मर्यादा आधीच भरून ठेवतात. त्या ओलांडल्या की आकडा लुकलुकतो. बाकी वेळ वैमानिकाने अधूनमधून नजर टाकायची आणि पुन्हा आकाशाकडे पाहायचे.

आणखी एक नियम आहे. जुन्या विमानात असे यंत्र मागाहून बसवले तर ते दोन प्रकारांनी मान्य होते. एक, केवळ जादा माहितीसाठी. तेव्हा मूळचे काटे काढता येत नाहीत आणि त्यांचेच म्हणणे अंतिम असते. दोन, मूळ काट्यांच्या जागी. त्यासाठी वेगळी मंजुरी असलेलेच यंत्र लागते. कोणीही उठून बाजारातून पेटी आणावी आणि विमानाला जोडावी, असे चालत नाही.

पालकांसाठी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यातले बरेच तास मुलाला विमानात एकट्याने काढायचे असतात. आपल्या समाजातील अनेक घरे नोकरदारांची, छोट्या दुकानदारांची आहेत. कोणी घर गहाण ठेवून, कोणी गावाकडची जमीन विकून मुलाला उड्डाण शिकायला पाठवतो. संस्था निवडताना इमारत, वसतिगृह आणि फी यांची चौकशी होते. त्याबरोबर पुढील प्रश्नही नम्रपणे विचारावेत, अशी आमची विनंती आहे.

तुमच्या विमानांत प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे दिसते काय? ते साठवले जाते काय? साठवलेले आकडे किती दिवसांनी उतरवले जातात आणि ते कोण वाचतो? एखाद्या विद्यार्थ्याने "आज इंजिन नेहमीसारखे वाटले नाही" असे सांगितले तर त्याची नोंद कोठे होते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक ऐकावे. यंत्र जुने असूनही नोंदी चोख ठेवणारी संस्था बरी. नवे पडदे लावून आकडे कधीच न उतरवणारी संस्था आम्ही तरी निवडणार नाही. प्रगतिपुस्तक छापून घेतले पण कोणी उघडून पाहिले नाही, तर त्याचा काय उपयोग?

आणि ज्यांना उडण्याची ओढ नाही, पण अशा यंत्रांची आहे, त्यांच्यासाठीही या क्षेत्रात मानाचे काम आहे. विमानाची देखभाल करून "हे उडण्यास योग्य आहे" अशी सही करणारा परवानाधारक अभियंता हा वैमानिकाइतकाच जबाबदार माणूस असतो. त्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही.

प्रयोगशाळेत करून पाहा

शेवटी एक सोपा प्रयोग. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे आणि बांधकामावर वापरतात ती काळी लोखंडी तार एक हात घ्यावी. तारा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ कराव्यात. लोखंडी तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याचा एकेक तुकडा घट्ट पीळ देऊन जोडावा. तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला लावून तो २०० मिलिव्होल्टवर ठेवावा. साधा मल्टिमीटर आपल्या कोठीच्या गुजराती गल्लीत सहज मिळतो. आता एक सांधा बर्फाच्या पाण्यात आणि दुसरा उकळत्या पाण्यात बुडवावा. एक मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. गरम पाणी निवू द्यावे आणि दर दोन मिनिटांनी थर्मामीटर व मल्टिमीटर या दोहोंचे आकडे लिहून आलेख काढावा. उकळत्या पाण्यामुळे हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचा आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी चौघांचा एकेक गट करून हा प्रयोग करावा व आलेख विज्ञान शिक्षकांकडे द्यावा. गटातील प्रत्येकाने आकडे स्वतः वाचून स्वतःच्या वहीत लिहावेत. चौघांत मिळून एक वही चालणार नाही.